संघ कोणाचा ?

हॉकी म्हटलें कीं आपल्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढें हिरवें मैदान, टोकाशीं वळलेली काठी आणि पांढरा चेंडू उभा राहतो, आणि ज्या देशानें त्या खेळांत जगाकडून वाहवा मिळविली त्या देशाच्या मुलांस असें वाटणें साहजिकच आहे. परंतु कॅनडांत जाऊन हाच शब्द उच्चारला तर ऐकणाराच्या मनांत बर्फच येईल. तेथील गडी पोलादी पात्यांचे बूट घालून गोठलेल्या पृष्ठभागावरून वाऱ्याच्या वेगानें घसरत जातात. चेंडूच्या ऐवजीं रबराची कठीण काळी चकती असते. प्रत्येक बाजूस गोलरक्षकासह सहा गडी असतात. आणि सुमारें 200 फूट लांब व 85 फूट रुंद अशा, कठड्यानें वेढलेल्या पटांगणांत हा धुमाकूळ चालतो. आपल्याकडेहि हा खेळ अगदींच अपरिचित आहे असें नाहीं. लेह येथील कर्झू तळें हिवाळ्यांत गोठलें म्हणजे लडाखचीं मुलें-मुली त्यावर खेळतात, आणि 2025 सालीं भारताच्या महिला संघानें आशियाई चषकाच्या सामन्यांत कांस्यपदकहि मिळविलें.

तथापि आज आम्हांस खेळाडूंच्या कौशल्याविषयीं लिहावयाचें नाहीं. आम्हांस लिहावयाचें आहे तें कठड्याच्या बाहेर, थंडींत कुडकुडत बसणाऱ्या प्रेक्षकांविषयीं. आणि ज्या संघासाठीं ते घसा कोरडा करितात तो संघ खरोखर कोणाचा, या प्रश्नाविषयीं.

प्रारंभीं हा प्रश्नच नव्हता. 1892 सालीं कॅनडाचे तत्कालीन गव्हर्नर-जनरल लॉर्ड स्टॅन्ले यांनीं दहा गिनी किंमतीचा एक रुपेरी कटोरा हौशी संघांच्या चढाओढीकरितां देऊं केला, व 1893 सालीं माँट्रिऑलच्या एका संघास तो प्रथम मिळाला. जिंकणारानें तो सांभाळावा, दुसऱ्या गांवाचें आव्हान आलें कीं पुन्हां पणास लावावा, इतकाच त्याचा विधि होता. पुढें दहा-पंधरा वर्षांत खेळाडूंस वेतन मिळूं लागलें. 1917 सालीं माँट्रिऑल येथें 'नॅशनल हॉकी लीग' स्थापन झाली, आणि 1927 पासून तो कटोरा म्हणजे व्यवहारतः या लीगचेंच पारितोषिक होऊन बसला. 2021 पासून तींत 32 संघ आहेत. त्यांपैकीं 7 कॅनडांतील व 25 अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील. यांतील प्रत्येक संघ म्हणजे कायद्याच्या दृष्टीनें लीगनें एखाद्या मालकास दिलेला परवाना होय. लीगच्या संमतीनें तो विकतां येतो, विकत घेतां येतो, आणि उचलून दुसऱ्या शहरीं नेतांहि येतो. गांवाचें नांव त्याच्या अंगरख्यावर असतें खरें. परंतु खरेदीखतावर नसतें.

विनिपेग हें कॅनडाच्या मध्यभागीं, गव्हाच्या विस्तीर्ण सपाट प्रदेशांत वसलेलें शहर. तेथील 'जेट्स' संघ 1972 सालीं निघाला व 1979 सालीं या लीगमध्यें आला. त्याला स्टॅन्ले कटोरा कधींच मिळाला नाहीं. तरीसुद्धां 1987 पासून हंगामाच्या अखेरच्या निर्णायक सामन्यांस तेथील झाडून सारे प्रेक्षक नखशिखांत पांढरे कपडे घालून येऊं लागले, आणि त्या धवल गर्दीचा लौकिक खेळाडूंच्या लौकिकाहून मोठा झाला. मग अडचण आली ती प्रेमाची नव्हे, चलनाची. खेळाडूंचें वेतन अमेरिकन डॉलरांत द्यावयाचें आणि तिकिटांचा पैसा यावयाचा तो कॅनेडियन डॉलरांत! 1995 च्या सुमारास एका कॅनेडियन डॉलरास अमेरिकेचे अवघे 73 सेंट मिळत. म्हणजे मालकानें शंभर डॉलर गोळा केले तरी वेतनाच्या दिवशीं त्यांचे त्र्याहत्तरच होत. त्यांत क्रीडागृह जुनें, शहर लहान, आणि खेळाडूंच्या वेतनास तेव्हां कमाल मर्यादा अशी कांहीं नव्हती.

संघ जाणार हें कळतांच 1995 च्या मे महिन्यांत दोन नद्यांच्या संगमावरील मैदानांत हजारों लोक जमले व वर्गणी सुरू झाली. शाळकरी मुलांनीं आपल्या साठवणीचे गल्ले आणून रिकामे केले. आमच्या वाचकांपैकीं ज्यांनीं जत्रेसाठीं पै-पैसा सांठविला असेल त्यांस या दानाचें मोल निराळें सांगावयास नको. त्या पैशानें संघ विकत घेतां येण्यासारखा नव्हता हें उघड आहे. परंतु संघ ही आपली मालमत्ता नव्हे, हें त्या मुलांना तोंवर कोणीं सांगितलेंच नव्हतें. कसाबसा एक हंगाम आणखी निभावला. 28 एप्रिल 1996 रोजीं विनिपेगमध्यें शेवटचा सामना झाला, त्यांत हारच आली, आणि संघ अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटांत, फीनिक्स शहरीं निघून गेला.

क्वेबेक शहराची हकीकत याहूनहि कडू आहे. तेथील संघ 1995 सालीं साडेसात कोट अमेरिकन डॉलरांस विकला जाऊन डेन्व्हरला गेला, आणि लगेच पुढल्याच वर्षीं, नव्या नांवानें व नव्या अंगरख्यानें, त्यानें स्टॅन्ले कटोरा जिंकला! ज्यांनीं त्याचीं पराभवाचीं वर्षें सोसलीं त्यांच्या वांट्यास विजयाचा एक दिवसहि आला नाहीं. 1979 सालीं एडमंटन, विनिपेग, क्वेबेक व हार्टफर्ड अशा चार शहरांचे संघ एकदमच या लीगमध्यें दाखल झाले होते. हार्टफर्डचा 1997 त गेल्यावर त्या चौघांपैकीं जागेवर राहिला तो एकटा एडमंटनचा. त्याच्याकडे आम्ही पुढें वळूं.

आतां मालकाचें म्हणणेंहि ऐकून घेतलें पाहिजे, कारण त्यांत तथ्य आहे. तो म्हणतो, "भांडवल माझें, तोटा माझा. दरसाल तोटा सोसून मीं लोकांची करमणूक कां करावी? किराण्याचें दुकान न चालल्यास वाणी दुसऱ्या पेठेंत जातो, त्याला कोणी विश्वासघातकी म्हणत नाहीं." खेळाडूंचीहि बाजू आहे. शरीराचे हाल करून घेणारा हा धंदा. पस्तिशीच्या आंत-बाहेर बहुतेकांचा खेळ संपतो. तेवढ्या अवधींत त्यानें चार पैसे अधिक मागितले तर त्याला लोभी म्हणणें हें घरीं शेगडीपाशीं बसून बोलणाऱ्यांस शोभतें. नफा हा शब्द उच्चारतांच नाक मुरडणारांपैकीं आम्ही नव्हों.

परंतु वाण्याचा दाखला येथें लागू पडत नाहीं असें आमचें स्पष्ट मत आहे. वाण्याचें दुकान उठलें तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानीं जातें, कारण साखर दोन्हीकडे सारखीच गोड. संघ उठून गेला म्हणजे गांवचा माणूस शेजारच्या शहराच्या संघावर प्रेम करूं लागत नाहीं. तो त्याचा वैरी असतो! तो कांहीं नुसता दोन घटकांचा खेळ विकत घेत नाहीं. बापानें मुलाला खांद्यावर बसवून दाखविलेला सामना, वीस वर्षांपूर्वींच्या पराभवाची चर्चा, शेजाऱ्याशीं लागलेली पैज, हें सारें तो त्या तिकिटाबरोबर घेतो. आणि यांतलें कांहींहि मालकानें तयार केलेलें नसतें. तें लोकांनींच तयार केलेलें असतें, व त्यापायींच संघाला किंमत येते. रिकाम्या क्रीडागृहांत तेच गडी तितक्याच कौशल्यानें खेळले तर त्यांच्यासाठीं कोट्यवधि डॉलर कोण मोजील? म्हणजे विक्रीच्या दिवशीं मालक जें विकतो त्यांतील मोठा भाग दुसऱ्यांच्या कष्टाचा असतो, आणि त्यांची मात्र सही लागत नाहीं.

फीनिक्समध्यें पुढें काय झालें तेंहि पाहण्यासारखें आहे. ज्या नफ्यासाठीं विनिपेगला रडविलें तो नफा वाळवंटांतहि सांपडला नाहीं. 2009 सालीं संघाचें दिवाळें निघालें व लीगनें तो स्वतःच विकत घेऊन 2013 पर्यंत चालविला. जवळच्या ग्लेंडेल शहराच्या नगरपालिकेनें लागोपाठ दोन वर्षें प्रत्येकीं अडीच कोट डॉलर करदात्यांच्या खिशांतून ओतले. 2022 पासून हा संघ एका विश्वविद्यालयाच्या सुमारें 4,600 आसनांच्या इवल्याशा क्रीडागृहांत खेळूं लागला. 2023 च्या मे महिन्यांत टेंपी शहराच्या मतदारांनीं नव्या क्रीडागृहाची योजना नाकारली, आणि 2024 च्या एप्रिलांत 120 कोट डॉलरांच्या व्यवहारानें हा संघ सॉल्ट लेक सिटीस गेला. वाळवंटांतल्या लोकांना बर्फाची काय चाड, असें कॅनडांत पुष्कळांनीं थट्टेनें म्हटलें. आम्हांस तें पटत नाहीं. अठ्ठावीस वर्षांत तेथें मुलांची एक पिढी वाढली होती. आजचा नामांकित खेळाडू ऑस्टन मॅथ्यूज, जो 2024 सालीं टोराँटोच्या संघाचा कर्णधार झाला, तो त्याच परिसरांत, याच संघाचे सामने पाहत लहानाचा मोठा झाला. 17 एप्रिल 2024 च्या रात्रीं शेवटचा सामना पाहणाऱ्यांचें दुःख विनिपेगकरांच्या दुःखाहून निराळें कां मानावें?

आणि विनिपेगचा आनंद तरी निर्मळ होता काय? 2011 सालीं तेथें लीगचा संघ परत आला. मध्यंतरीं नवें क्रीडागृह झालें होतें, कॅनेडियन डॉलर अमेरिकन डॉलराच्या बरोबरीस आला होता, आणि वेतनास कमाल मर्यादा पडली होती. संपूर्ण हंगामाचीं 13,000 तिकिटें अवघ्या चार दिवसांत संपलीं. सर्वसाधारण लोकांकरितां ठेवलेल्या भागास तर काहीं मिनिटेंच पुरलीं. हें वाचून आनंद होतो. परंतु हा संघ आला कोठून? तो अ‍ॅटलांटा शहरांतून उचलून आणलेला होता. तेथेंहि कांहीं मुलें त्या रात्रीं रडलींच असतील.

वेतनाच्या मर्यादेचा उल्लेख वर आला आहे. ती कशी पडली हें सांगितलें पाहिजे, कारण या प्रकरणांत प्रेक्षकांची जेवढी अवहेलना झाली तेवढी क्वचितच झाली असेल. 2004 सालीं मालकांनीं टाळेबंदी पुकारली. अखेरीस वाद उरला तो प्रत्येक संघाच्या वेतनाची मर्यादा 4 कोट 25 लक्ष डॉलर असावी कीं 4 कोट 90 लक्ष, एवढाच. तो मिटला नाहीं, आणि 16 फेब्रुवारी 2005 रोजीं संपूर्ण हंगाम रद्द झाला. 1,230 सामने झालेच नाहींत, आणि 1919 च्या इन्फ्लुएंझाच्या सांथीनंतर प्रथमच स्टॅन्ले कटोरा कोणासहि मिळाला नाहीं. त्या वेळीं रोगानें खेळ थांबविला होता, या वेळीं हिशेबानें. मग खेळ पुन्हां सुरू झाला तेव्हां प्रेक्षकांनीं काय केलें? ते रुसले नाहींत. पूर्वीं कधीं लोटली नव्हती इतकी गर्दी त्यांनीं केली. निष्ठेचें हें रूप पाहून कोणासहि गहिंवर येईल. पण मालकांनीं त्यापासून काय धडा घेतला? 2012 सालीं त्यांनीं पुन्हां टाळें ठोकलें, व तो हंगाम 82 ऐवजीं 48 सामन्यांवर आला. जी निष्ठा कितीहि लाथाडली तरी दारीं परत येते, तिची किंमत कोणताहि व्यापारी कमीच धरणार.

टोराँटोचें उदाहरण तर नमुनेदार आहे. तेथील संघानें शेवटचा कटोरा जिंकला तो 1967 सालीं. तरीहि त्याचीं तिकिटें लीगमधील अत्यंत महाग तिकिटांत मोडतात, आणि संपूर्ण हंगामाचें तिकीट मिळावें म्हणून लोक वर्षानुवर्षें यादींत नांव घालून बसतात. मुलगा बापाकडून घराबरोबर तिकिटाचाहि वारसा घेतो. हरणाऱ्या संघास जर इतका पैसा मिळतो, तर जिंकण्याची घाई कोणास? येथें आमच्या शिक्षकबंधूंकरितां एक गंमत सांगितल्यावांचून राहवत नाहीं. 2012 पर्यंत या संघाचा मोठा मालक कोणी गर्भश्रीमंत सरदार नव्हता. तो होता ऑन्टारिओ प्रांतांतील शिक्षकांचा निवृत्तिवेतन-निधि! प्रेक्षकांच्या खिशांतून निघालेला डॉलर वृद्ध पंतोजींच्या चरितार्थास लागत होता. तेव्हां नफा म्हणजे नेहमींच एखाद्या राक्षसाच्या पोटांत जातो असें नाहीं. मात्र त्यामुळें टोराँटोच्या प्रेक्षकाला कटोरा मिळाला असेंहि नाहीं.

आतां एडमंटन. 9 ऑगस्ट 1988 रोजीं त्या शहराचा लाडका वेन ग्रेट्झ्की, ज्याच्या बळावर संघानें पांच वर्षांत चार वेळां कटोरा जिंकला होता, तो दीड कोट डॉलर, कांहीं खेळाडू व भावी निवडीचे हक्क यांच्या बदल्यांत लॉस एंजलिसला दिला गेला. कॅनडाच्या लोकसभेंतील एका सभासदानें सरकारनें हा व्यवहार थांबवावा अशी मागणी केली, इतका तो घाव खोल होता. पुढें मालक कर्जांत बुडाला, आणि 1998 सालीं ह्यूस्टनचा एक धनाढ्य गृहस्थ संघ घेण्यास पुढें आला. परंतु येथें एक गोष्ट निराळी होती. पूर्वींच्या करारांत असें कलम होतें कीं स्थानिक लोकांनीं ठराविक मुदतींत 7 कोट डॉलर उभे केले तर संघ त्यांनाच मिळावा. तीसांहून अधिक स्थानिक गृहस्थांनीं धांवपळ करून अगदीं अखेरच्या घटकेस ती रक्कम जमविली, आणि संघ राहिला. ते कांहीं साधुसंत नव्हते. 2008 सालीं त्यांनीं तो सुमारें 20 कोट डॉलरांस विकला. पण विकला तो एडमंटनमधील माणसास.

आमचें मागणें एवढेंच आहे. मालकानें नफा मिळवावा, खेळाडूनें वेतन घ्यावें; परंतु संघ हलविण्यापूर्वीं तो ज्या गांवानें वाढविला त्या गांवास, निश्चित मुदतींत व पूर्वींच ठरलेल्या वाजवी किमतींत, घेण्याची पहिली संधि मिळावी, आणि हें कलम प्रत्येक परवान्यांत असावें. हें स्वप्नरंजन नव्हे. एडमंटनमध्यें तें घडलें आहे. खालच्या पायरीवर तर याहून पुढची मजल गांठलेली आहे. कॅनडाच्या किचनर शहरांतील तरुणांचा 'रेंजर्स' संघ 1963 पासून तेथें नांदतो, आणि त्याचे धनी म्हणजे हंगामाचीं तिकिटें घेणारे लोकच. तेच आपल्यांतून कारभारी मंडळ निवडतात व शिल्लक पैसा संघाच्याच कामीं लावतात. ज्या क्लबाचा धनी प्रेक्षक आहे तो रातोरात कोठें पळून जाणार?

मात्र प्रेक्षकांनींहि आपल्या निष्ठेचा हिशेब ठेवला पाहिजे. विनिपेगमध्यें ज्यांनीं 2011 सालीं चार दिवसांत तिकिटें संपविलीं, त्यांच्यापैकीं पुष्कळांनीं करोनाच्या सांथीनंतर हात आंखडता घेतला, आणि 13,000 चा आंकडा साडेनऊ हजारांच्या आसपास घसरला. मालकांनीं 2023 सालीं जी जाहिरात काढली तींत 1996 च्या वियोगाची आठवण होती. तिकिटें घ्या, नाहीं तर तो दिवस पुन्हां येईल, असा तिचा ध्वनि अनेकांस वाटला व ते संतापले. आम्ही त्यांस दोष देत नाहीं. प्रेमाची आठवण करून देणें वेगळें आणि प्रेमाला धाक घालणें वेगळें.

पुण्याकडील वाचकांस हा अनुभव सर्वस्वीं परका नसावा. क्रिकेटच्या इंडियन प्रीमियर लीगमध्यें 'पुणे वॉरियर्स' 2011 त अवतरला व 2013 त नाहींसा झाला; पुढें 2016 सालीं दुसरा संघ आला, तो केवळ दोन वर्षांच्या करारावर, आणि 2017 च्या अंतिम सामन्यांत मुंबईकडून एका धांवेनें हरून तोहि अस्तंगत झाला. फार अश्रु ढाळले गेले नाहींत, कारण प्रेम मुरावयास अवधिच मिळाला नव्हता.

क्वेबेकला मात्र तो मिळाला होता. तेथील नगरपालिकेनें व प्रांतिक सरकारनें सुमारें 37 कोट कॅनेडियन डॉलर खर्चून एक भव्य क्रीडागृह बांधलें. गेलेला संघ, नाहीं तर त्याच्या जागीं दुसरा, परत यावा ही आशा त्यामागें होती. 2015 च्या सप्टेंबरांत तें उघडलें. त्यांत 18,000 हून अधिक आसनें आहेत. लीगनें त्यानंतर लास व्हेगसला संघ दिला, सिॲटलला दिला, आणि फीनिक्सचा संघ सॉल्ट लेक सिटीस जाऊं दिला. क्वेबेकला दिला नाहीं. त्या विशाल गृहांत 'रंपार' नांवाचा कुमारांचा संघ खेळतो. 2023 सालीं त्यानें कॅनडांतील कुमारांचें सर्वोच्च पारितोषिक, मेमोरियल कप, जिंकलें, आणि हजारों क्वेबेककर त्या सोळा ते वीस वर्षांच्या मुलांकरितां टाळ्या वाजविण्यास गेले.